खर्रा, प्राणवायूच्या ठिणग्या आणि अँटिऑक्सिडंटची गोळी

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सरकारी दवाखान्यात तोंडाची तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाच्या खिशात अनेकदा दोन गोष्टी सापडतात. एक म्हणजे प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधलेला खर्रा. दुसरी म्हणजे ‘अँटिऑक्सिडंट’ असे छापलेली कॅप्सूलची पट्टी. कुणी ती मेडिकलमधून आणलेली असते, कुणाला शहरातल्या नातेवाइकाने पाठवलेली असते. खर्रा सोडा म्हटले की ठरलेले उत्तर येते, “साहेब, तो काही एकदम सुटत नाही. पण ही गोळी घेतो ना मी रोज.”

या उत्तरामागे एक हिशेब आहे. खर्ऱ्याने शरीरात जे काही विषारी तयार होत असेल, ते गोळी धुऊन काढेल. इकडे खर्च, तिकडे जमा. हिशेब चुकीचा आहे, पण तो करणारा माणूस अडाणी नाही. गेली कित्येक वर्षे वर्तमानपत्रांतून, जाहिरातींतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून आपण सगळ्यांनी हेच ऐकले आहे, की ‘फ्री रॅडिकल्स’ म्हणजे शत्रू, अँटिऑक्सिडंट म्हणजे मित्र आणि मित्र जितके जास्त तितके चांगले. विज्ञान मात्र या सोप्या गोष्टीपासून बरेच पुढे गेले आहे. ते कुठे पोचले आहे हे समजून घेणे आपल्या दोन जिल्ह्यांसाठी फार गरजेचे आहे.

ठिणगी कशी पडते?

आपण श्वासाने घेतलेला प्राणवायू पेशीत जातो. तिथे मायटोकॉन्ड्रिया नावाच्या छोट्या भट्ट्या असतात. अन्नातली ऊर्जा या भट्ट्यांत मोकळी होते आणि शेवटी प्राणवायूचे पाणी होते. पण चूल कितीही चांगली पेटली तरी थोड्या ठिणग्या उडतातच. तसाच थोडा प्राणवायू अर्धवट अवस्थेत निसटतो. त्याला एखादा जास्तीचा इलेक्ट्रॉन चिकटतो आणि तो चळवळ्या होतो. दिसेल त्याच्याशी रासायनिक झटापट करू लागतो. अशा रेणूंना आपण प्राणवायूचे अतिक्रियाशील रेणू म्हणू.

यातले तिघे महत्त्वाचे. पहिला सुपरऑक्साइड. दुसरा हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे जखम धुताना आपण वापरतो तेच. तिसरा हायड्रॉक्सिल, सगळ्यात तापट. तो जिथे जन्मतो तिथेच, क्षणार्धात, शेजारच्या रेणूवर तुटून पडतो. तो शेजारी डीएनए असेल तर त्यात खोट निर्माण होते.

शरीराला हे नवीन नाही. या ठिणग्या विझवण्याची व्यवस्था पेशीत आधीपासून आहे. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की फेस येतो, हे सगळ्यांनी पाहिले आहे. तो फेस म्हणजे मळ उकळल्याचा नव्हे. रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचे एन्झाइम असते, ते पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू करून टाकते. तो प्राणवायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो. सुपरऑक्साइड विझवणारे वेगळे एन्झाइम १९६९ साली अमेरिकेत मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी शोधले. त्याआधी १९५६ साली डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपण या ठिणग्यांमुळेच येते, अशी कल्पना मांडली होती. या दोन्हींतून पुढे ‘फ्री रॅडिकल म्हणजे शत्रू’ ही समजूत पक्की झाली.

ठिणगी नव्हे, निरोप

या समजुतीला पहिला धक्का पांढऱ्या पेशींनी दिला. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जंतू गिळल्यावर मुद्दाम सुपरऑक्साइड तयार करतात आणि त्याच्या मदतीने जंतू मारतात. काही मुले जन्मतःच ही क्षमता नसलेली असतात. त्यांना लहानसहान जंतूंचीही गंभीर लागण पुन्हा पुन्हा होते. थायरॉइड ग्रंथीला तिचा हार्मोन बनवायला हायड्रोजन पेरॉक्साइड लागते. म्हणजे शरीर हे रेणू चुकून नव्हे, कामासाठीही बनवते.

खरा धक्का १९९५ साली बसला. पेशीला ‘वाढ’ असा आदेश देणारी काही प्रथिने असतात. आपल्याला जखम झाली की ती बाहेर पडतात आणि आजूबाजूच्या पेशी वाढून जखम भरते. अमेरिकेतल्या संशोधकांनी असे एक प्रथिन प्रयोगशाळेतल्या पेशींना दिले. पेशींच्या आत हायड्रोजन पेरॉक्साइड थोड्या वेळापुरते वाढले. मग त्यांनी पेशींमध्ये कॅटलेज वाढवून ते पेरॉक्साइड विझवले. तेव्हा वाढीचा आदेश आतपर्यंत पोचलाच नाही. पेरॉक्साइड हा इथे कचरा नव्हता. आदेश पोचवणारा तो निरोप्या होता.

तो निरोप कसा देतो हेही आता चांगले कळले आहे. पेशीत वाढीचा आदेश चालू करणारी प्रथिने असतात, तशीच तो बंद करणारीही असतात. बंद करणाऱ्यांना आपण ब्रेक म्हणू. या ब्रेकच्या अगदी मोक्याच्या जागी गंधकाचा एक अणू असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड नेमके त्या गंधकाला गाठते, त्यावर प्राणवायू चिकटवते आणि ब्रेक काही काळ निकामी होतो. वाढीचा आदेश तेवढा वेळ जोरात चालतो. काम झाले की पेरॉक्साइड विझते, गंधक पूर्ववत होते, ब्रेक पुन्हा लागतो. जखम भरते आणि पेशी थांबतात. निरोगी शरीरात हे रोज घडते.

ब्रेक लागतच नाही तेव्हा

कॅन्सरच्या पेशीत हाच निरोप थांबत नाही. ‘रास’ नावाचे एक जनुक बिघडले की पेशी बेबंद वाढते, हे आधीपासून माहीत होते. १९९७ साली असे दिसले की बिघडलेल्या रासच्या पेशी सतत भरपूर सुपरऑक्साइड तयार करतात. जखमेच्या पेशीत क्षणभर वाजणारी घंटा इथे अखंड वाजत राहते. ब्रेक निकामीच राहतात.

शिवाय गाठ वाढली की तिच्या मध्यभागी रक्त पोचत नाही, प्राणवायू कमी पडतो. प्राणवायू कमी पडल्याचे पेशीला कसे कळते, याच्या शोधासाठी २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना मिळाले. त्यांनी उलगडलेल्या यंत्रणेत एक प्रथिन असते. प्राणवायू पुरेसा असेल तर ते लगेच नष्ट केले जाते. कमी पडला की ते टिकते आणि नव्या रक्तवाहिन्या बनवण्याचा आदेश देते. पेशीतले अतिक्रियाशील रेणूही हे प्रथिन टिकवायला मदत करतात. गाठीला रक्त मिळते, ती आणखी वाढते.

मग प्रश्न पडतो की एवढ्या ठिणग्यांत कॅन्सरची पेशी स्वतः कशी जळत नाही? ती धोका ओळखून असते. ठिणग्या वाढल्या की विझवण्याची तयारीही ती वाढवते. त्यासाठी पेशीत एक खास कळ आहे, तिचे नाव एनआरएफ-२. निरोगी पेशीत ही कळ आपल्याला वाचवते. अनेक कॅन्सरमध्ये मात्र ती कायमची चालू झालेली असते. त्यामुळे कॅन्सरची पेशी ठिणग्यांचा फायदा घेते आणि त्यांच्या झळेपासून बचावतेही. हा एक मुद्दा लक्षात ठेवला, तर पुढे गोळ्यांचे काय झाले हे आपोआप समजते.

खर्ऱ्यात नेमके काय होते?

आता आपल्या पानठेल्यावर येऊ. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि ओला चुना प्लॅस्टिकवर घेऊन चांगला घोटायचा, की खर्रा तयार. पश्चिम महाराष्ट्रात याच्याच भावकीतल्या पदार्थाला मावा म्हणतात. तंबाखू वाईट हे सगळ्यांना माहीत आहे. पण चुना आणि सुपारी या जोडीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

सुपारीत तुरट चवीची रसायने भरपूर असतात. चहात, जांभळात, हिरड्यातही तुरट रसायने असतातच. साध्या वातावरणात ती निमूट असतात. चुना मिसळला की मिश्रण अल्कधर्मी होते आणि ही रसायने हवेतल्या प्राणवायूशी आपोआप झगडू लागतात. त्यातून सुपरऑक्साइड बनते, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. सुपारीत तांब्याचे प्रमाणही चांगले असते. तांबे किंवा लोह जवळ असले की पेरॉक्साइडपासून तो तिसरा, तापट हायड्रॉक्सिल तयार होतो. सुपारी आणि चुन्याच्या मिश्रणात हे रेणू तयार होतात आणि डीएनएला खोट पाडतात, हे १९८७ सालच्या प्रयोगांत दाखवून झाले आहे. खर्रा घोटल्यावर लाल होतो ना, तो लाल रंगही सुपारीतल्या या रसायनांच्या चुन्याशी होणाऱ्या प्रक्रियेचाच भाग आहे.

म्हणजे खर्रा गालात धरणे म्हणजे ठिणग्यांचा एक छोटा कारखाना गालात धरणे. जखमेपुरता, काही मिनिटांचा असायला हवा तो ‘वाढ’ हा निरोप त्या जागी रोज, तासन् तास, वर्षानुवर्षे दिला जातो. सोबत डीएनएलाही खोट पडत असते. तंबाखूतल्या नायट्रोसअमाइन या विषांचे काम वेगळे चालूच असते. चुन्यामुळे निकोटीन रक्तात लवकर शोषले जाते, तलफ पक्की होते. कॅन्सरला एकच कारण नसते. पण खर्ऱ्यात ही सगळी कारणे एकाच पन्नीत बांधलेली आहेत.

चुन्याचा हात यात किती आहे, हे दूरच्या पापुआ न्यू गिनीत दिसले. तिथले लोक सुपारी खातात, पण तिच्यात तंबाखू घालत नाहीत. चुना मात्र काडीने गालाच्या एका ठरावीक जागी लावतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की तिथे तोंडाचे कॅन्सर बहुतांशी चुना लावण्याच्या त्याच जागी होतात.

म्हणूनच “तंबाखू सोडली साहेब, आता नुसती सुपारी खातो,” हे ऐकून मला बरे वाटत नाही. तंबाखूशिवायची सुपारीही कॅन्सर करते, असा स्पष्ट निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली काढला आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक, दोरीसारखी होते. तिखट लागले की आग होते, मग हळूहळू तोंड उघडेनासे होते. हा आजार आता विशी-पंचविशीच्या मुलांमध्ये दिसतो आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. सुपारीतले तांबे इथेही भूमिका बजावते. गालातले तंतू एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या एन्झाइमला ते चेतवते.

चंद्रपूरकर इथे हमखास विचारतात, “आमच्या हवेचे काय? वीज केंद्र आहे, खाणी आहेत, धूळ आहे.” प्रश्न रास्त आहे. हवेतले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोल जातात आणि त्यांच्यावरचे धातू व काजळी तिथे हेच अतिक्रियाशील रेणू तयार करतात. बाहेरील हवेचे प्रदूषण कॅन्सरकारक असल्याचे २०१३ साली जाहीर झाले आहे. त्यासाठी भांडायलाच हवे. पण हवा एकट्याने बदलता येत नाही. गालातली पन्नी येते. आणि भारतात पुरुषांमध्ये पहिल्या क्रमांकावर आहे तो तोंडाचा कॅन्सर.

मग गोळीने काय बिघडते?

१९९७ च्या त्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती. रास बिघडलेल्या पेशींना अँटिऑक्सिडंट दिल्यावर त्यांची वाढ मंदावली. म्हणजे काम सोपे झाले, असे कुणालाही वाटेल. पण काचेच्या बशीतल्या पेशी आणि माणूस यांत फार अंतर असते. माणसांवरच्या चाचण्या तर त्याआधीच सुरू झाल्या होत्या, आणि त्यांचे निकाल उलटे आले.

फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व किंवा नुसत्या खोट्या गोळ्या देऊन काही वर्षे पाहिले गेले. १९९४ साली निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी झाला नाही, १८ टक्क्यांनी जास्त झाला. अमेरिकेत सिगारेट ओढणारे, ओढून सोडलेले आणि अॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा १८,३१४ जणांवर बीटा कॅरोटीन आणि ए जीवनसत्त्वाची चाचणी चालू होती. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी जास्त दिसल्यामुळे ती जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. पुढे ३५ हजारांहून जास्त पुरुषांवरच्या एका चाचणीत ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ साली जाहीर झाले.

असे का झाले असावे? कारणे एकाहून अधिक आहेत, पण एक मोठा धागा स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवला. फुप्फुसात छोट्या गाठी असलेल्या उंदरांना त्यांनी अँटिऑक्सिडंट दिले. गाठी झपाट्याने वाढल्या आणि उंदीर लवकर मेले. बिघडलेल्या पेशीत ठिणग्या फार वाढल्या, डीएनएला इजा झाली, की शरीराचा एक पहारेकरी, ‘पी-५३’ नावाचे प्रथिन, जागा होतो आणि पेशीला थांबवतो. अँटिऑक्सिडंटने ठिणग्या कमी झाल्या, पहारेकऱ्याला काही चाहूल लागली नाही, आणि पेशी वाढत राहिली. २०१५ साली त्वचेच्या एका कॅन्सरबाबत असेच दिसले. गाठीतून सुटून रक्तात गेलेल्या पेशी ठिणग्यांच्या माऱ्याने बहुतेक मरतात; अँटिऑक्सिडंट दिल्यावर त्या जास्त वाचल्या आणि दुसरीकडे जाऊन रुजल्या.

कॅन्सरची पेशी विझवण्याची तयारी स्वतःच वाढवून बसलेली असते, हे वर पाहिलेच. बाहेरून गोळी घेतली की आपण तिला आयती मदत पोचवतो. खर्रा खाणाऱ्या माणसाच्या गालात अशा बिघडलेल्या पेशी आधीच असतील, तर ती गोळी नेमकी कुणाच्या कामी येईल, याचा विचार करा. खर्ऱ्याचा मारा बाहेरून, गालाच्या त्वचेवर, अखंड चालू असतो. पोटात गेलेली एक कॅप्सूल तो थांबवू शकत नाही.

रेडिएशन चालू असताना तर नकोच

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायला हवी. रेडिएशनचे किरण कॅन्सरच्या पेशी कशा मारतात? काही किरण थेट डीएनएवर आदळतात. पण एक्स-रेसारख्या किरणांचे बरेचसे काम, साधारण दोन तृतीयांश, पेशीतल्या पाण्यातून तयार होणाऱ्या हायड्रॉक्सिलमुळे होते. म्हणजे जी ठिणगी खर्ऱ्यात आपल्याला मारते, तीच रेडिएशनमध्ये डॉक्टर मोजूनमापून गाठीवर टाकतात. अशा वेळी ठिणग्या विझवणारी गोळी घेणे म्हणजे एका हाताने पेटवायचे आणि दुसऱ्याने पाणी ओतायचे.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोके व मानेच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या ५४० रुग्णांवर याची चाचणी झाली. काहींना ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन दिले. यांतले बीटा कॅरोटीन तर, वर सांगितलेले निकाल आल्यावर, मध्येच बंद केले गेले. २००५ साली निकाल आले. गोळ्या घेणाऱ्यांना रेडिएशनचा त्रास थोडा कमी झाला, हे खरे. पण गोळ्या चालू असलेल्या काळात त्यांच्यात दुसरा नवा कॅन्सर जास्त दिसला, आणि पुढच्या वर्षांत मृत्यूही जास्त झाले. तोंड सोलवटलेले असताना कमी त्रास देणारी गोळी कुणाला नको असते? म्हणूनच हे आधी सांगायला हवे.

प्राणवायूची दुसरी बाजूही इथे कामाची आहे. लुई हॅरॉल्ड ग्रे यांनी १९५३ साली दाखवले की प्राणवायू नसलेल्या पेशींना मारायला रेडिएशनचा डोस सुमारे अडीच ते तीन पट लागतो. रक्त कमी असलेल्या रुग्णाच्या गाठीला प्राणवायू कमी पोचतो. आपल्या भागात रक्तक्षय आणि सिकलसेल दोन्ही घरोघरी आहेत. म्हणून रेडिएशनला निघण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्या, सिकलसेल असेल तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. डॉक्टरांनी रक्तवाढीसाठी दिलेले औषध हे त्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूलसारखे नाही. ते स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सिरोंचा, भामरागड किंवा कोरचीच्या माणसाला रेडिएशनसाठी नागपूर गाठायचे म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे. धानाची रोवणी किंवा तेंदूपत्त्याचा हंगाम बुडतो, सोबतच्या माणसाची मजुरी जाते, बैल किंवा दागिना विकला जातो. इतके करून मिळालेल्या रेडिएशनचा परिणाम एका अनावश्यक गोळीने कमी होऊ नये. नागपूरला गेल्यावर पिशवीतल्या सगळ्या गोळ्या, चूर्णे, काढे आणि बाटल्या डॉक्टरांसमोर ठेवा. वैदूकडची मुळी असेल तर तीही. रागावतील म्हणून लपवू नका.

दोन शंका इथेच मिटवतो. पहिली, मग आवळा खायचा की नाही? खुशाल खा. आवळा, जांभूळ, शेवग्याची पाने, अंबाडीची भाजी, टमाटर, गाजर यांतून मिळणारी मात्रा अन्नाची असते. चाचण्यांतल्या गोळ्यांची मात्रा तिच्या कितीतरी पट होती. भाजी-फळे भरपूर खाण्याला कुणाची हरकत नाही. दुसरी, तोंड उघडत नसेल तर काही डॉक्टर लायकोपीनसारखी अँटिऑक्सिडंट देतात, त्याचे काय? आग कमी व्हावी, तोंड थोडे मोकळे व्हावे, यासाठी ते ठरावीक काळापुरते, तपासून दिलेले असते. त्यांनी दिले असेल तर घ्या. पण ते खर्रा चालू ठेवण्याचा परवाना नाही, आणि सुपारी बंद न करता त्याचा उपयोगही टिकत नाही.

मग करायचे काय?

ठिणग्या विझवण्यापेक्षा त्या पाडणारा कारखाना बंद करणे सोपे आणि खात्रीचे आहे. खर्रा सोडल्यावर कॅन्सरचा धोका एका दिवसात शून्य होत नाही, पण वर्षागणिक कमी होत जातो. सोडताना पहिले एक-दोन आठवडे कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, शौचाला साफ होत नाही. तलफेची एक लाट मात्र काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ बडीशेप, भाजलेली जवस किंवा लवंग तोंडात टाका; सुपारी नको. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती फोनसेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत आहे.

एकट्याने सोडणे अवघड असेल तर गावाने मिळून सोडा. गडचिरोलीने हे करून दाखवले आहे. लोकांच्या रेट्यामुळे १९९३ साली या जिल्ह्यात दारूबंदी आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने, शासन आणि टाटा ट्रस्टच्या सोबतीने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखूविरोधी कार्यक्रम इथे चालू आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही तिच्यात आली. तरी खर्रा मिळतोच. कायदा ठेल्यापर्यंत पोचतो तो गावाने ठरवले तरच.

आणि तोंड तपासा. आरशासमोर, उजेडात, महिन्यातून एकदा. गालाच्या आत, जिभेखाली, जिभेच्या कडांवर, हिरड्यांवर पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला छाला, कडक लागणारी जागा, मानेत गाठ, विनाकारण हलणारा दात, यांतले काहीही दिसले तर थांबू नका. आपली तीन बोटे उभी करून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर तपासणी हवी. दुखत नाही म्हणून काही नाही, असे समजू नका. सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखत नाही.

ही तपासणी किती मोलाची आहे, हे केरळमध्ये सिद्ध झाले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून सुमारे १ लाख ९० हजार लोकांना घेऊन हा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्या गटाच्या घरी जाऊन प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसते तोंड उघडून, बॅटरीच्या उजेडात पाहिले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या गटात सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही, कॅप्सूलही लागली नाही. आपल्याकडे ३० वर्षांवरील प्रत्येकाची अशी तपासणी उपकेंद्रात मोफत करण्याची सोय आहे. आशाताई त्यासाठीच घरी येऊन अर्ज भरून घेतात. पुढच्या वेळी त्या आल्या की “काही नाही मला” म्हणून परत पाठवू नका.

त्या कॅप्सूलच्या पट्टीचे पैसे वाचतील. ते उपकेंद्रात किंवा तालुक्याच्या दवाखान्यात जायच्या भाड्याला पुरतील. घरात कुणी दहा-पंधरा वर्षे खर्रा खात असेल, तर या आठवड्यात त्यांना सोबत घेऊन जा आणि तोंड दाखवून घ्या.